चिठ्ठी, पुडी आणि नोंदवही : दुरुपयोग होऊ शकणाऱ्या औषधांचे नियम आणि जुन्नर-आंबेगाव

भारतात औषध कोणी लिहून द्यावे, कोणी विकावे आणि त्याची नोंद कशी ठेवावी हे मुख्यतः औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ ची नियमावली, फार्मसी कायदा, १९४८ आणि गुंगीकारक औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ यांनी ठरवून दिले आहे. या तिन्ही कायद्यांचा उगम आणि हेतू निरनिराळा असला, तरी दुरुपयोग होऊ शकणाऱ्या औषधांच्या बाबतीत त्यांचा सगळा भार अखेर एकाच कागदावर, म्हणजे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने सही करून दिलेल्या चिठ्ठीवर, येऊन पडतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या संदर्भात हे नियम तपासले असता नियमांची संख्या अपुरी आहे असे म्हणता येत नाही. मात्र औषध ज्या वाटांनी माणसापर्यंत आणि जनावरापर्यंत पोहोचते, त्यांतील अनेक वाटांवर चिठ्ठी हा कागद मुळात तयारच होत नाही, आणि जो कागद तयार होत नाही त्याची तपासणी कोणताही निरीक्षक करू शकत नाही.

दुरुपयोग होऊ शकणारी औषधे स्थूलमानाने तीन गटांत येतात. पहिला गट सवय लावणाऱ्या औषधांचा : अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम यांसारखी चिंता कमी करणारी व झोप आणणारी औषधे, आणि कोडीन, ट्रामाडॉल, पेंटाझोसीन यांसारखी अफूच्या कुळातील किंवा अफूसारखे काम करणारी वेदनाशामके. या गटातील औषधांना शरीर सरावते, तोच परिणाम मिळवण्यासाठी मात्रा वाढवावी लागते आणि औषध एकाएकी बंद केल्यास अस्वस्थता, निद्रानाश, झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत क्वचित झटकेही येतात. दुसरा गट प्रतिजैविकांचा, म्हणजे जंतुसंसर्गावरील औषधांचा; ती नशेसाठी कोणी घेत नाही, पण अर्धवट किंवा विनाकारण घेतली गेली की जंतू त्यांना दाद देईनासे होतात आणि एका रुग्णाच्या चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. तिसरा गट असा की, ज्यातील औषध चांगले आणि कामाचे असते, परंतु भलत्याच हेतूने वापरले जाते : दुभत्या जनावराने पान्हा सोडावा म्हणून टोचलेले ऑक्सिटोसिन, व्यायामशाळेत दम वाढावा म्हणून घेतलेले मेफेंटरमाइन, गजकर्णावर महिनोन्महिने चोळलेले स्टेरॉइडचे मलम. या तिसऱ्या गटाकडे चर्चेत फारसे लक्ष दिले जात नाही; शेती आणि दूध यांवर उभ्या असलेल्या या दोन तालुक्यांत तो दुर्लक्षून चालणार नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार जुन्नर तालुक्याची लोकसंख्या जवळपास ४ लाख आणि आंबेगावची सुमारे २ लाख ३५ हजार होती. या दोन्ही तालुक्यांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन स्पष्ट भाग पडतात. पुणे-नाशिक महामार्गावरील मंचर, नारायणगाव, आळेफाटा आणि त्यांच्या आजूबाजूचा बागायती पट्टा हा टोमॅटो, कांदा, ऊस आणि दुधाचा पैसा खेळणारा भाग असून तेथे खासगी दवाखाने आणि औषध दुकानांची रांगच्या रांग दिसते. याउलट भीमाशंकर, आहुपे, डिंभे धरणाचा पाणलोट आणि जुन्नरकडील इंगळूण, आपटाळे, मढ हा सह्याद्रीच्या कुशीतील, मुख्यतः महादेव कोळी समाजाच्या वस्तीचा पट्टा. तेथे पावसाळ्यात रस्ता चालू असणे हीच मोठी सोय असते. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावला आहे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये पूर्वेकडच्या गावांत आहेत, आणि पश्चिमेकडच्या माणसासाठी औषध म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्रातील परिचारिका किंवा आठवडे बाजाराच्या दिवशी खाली उतरल्यावर गाठलेला दवाखाना. एकच नियम या दोन भागांना लागू होतो तेव्हा त्याचा अर्थही दोन प्रकारचा होतो : पूर्वेकडे औषध फार सहज मिळते ही चिंता आहे, तर पश्चिमेकडे ते हवे तेव्हा मिळत नाही ही.

नियमावलीने या पश्चिमेकडच्या वास्तवाचा काही विचार केलेला आहे. अनुसूची के ही सवलतींची यादी असून तिच्यानुसार एक हजारांहून अधिक लोकसंख्या नसलेल्या गावात पॅरासिटामॉल, वेदनाशामक मलम, आम्लपित्तावरील गोळ्या, खोकल्याची साधी औषधे अशी काही घरगुती औषधे परवान्याशिवायही विकता येतात, आणि उपकेंद्रातील कर्मचारी, परिचारिका व अंगणवाडी सेविका यांनी शासकीय योजनेखाली दिलेल्या औषधांना विक्री परवान्याची अट लागत नाही. किराणा दुकानात गोळी मिळणे हे त्यामुळे प्रत्येक वेळी बेकायदेशीर ठरत नाही. ते बेकायदेशीर ठरते त्या गोळीसोबत प्रतिजैविक किंवा स्टेरॉइडची पट्टी फडताळावर येते तेव्हा, आणि ही सीमारेषा दुकानदाराला कोणी समजावून सांगितलेली नसते.

चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या मुख्य याद्या तीन. अनुसूची एच ही सर्वांत मोठी. तीत प्रतिजैविकांपासून रक्तदाबाच्या गोळ्यांपर्यंत शेकडो औषधे आहेत. अनुसूची एक्स ही सर्वांत कडक; बार्बिट्युरेट वर्गातील झोपेची औषधे, अॅम्फेटामाइन, मिथाइलफेनिडेट आणि केटामाइन अशी मोजकी औषधे तीत येतात, त्यांच्यासाठी वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांतील एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची असते. या दोहोंच्या मधली पायरी म्हणून ३० ऑगस्ट २०१३ च्या अधिसूचनेने अनुसूची एच-१ आली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. तीत सुरुवातीला ४६ औषधे होती : सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन, मेरोपेनेम यांसारखी वरच्या पायरीची प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे, आणि अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, कोडीन, ट्रामाडॉल यांसारखी सवय लावणारी औषधे. या यादीतील औषध विकताना दुकानदाराने चिठ्ठी देणाऱ्याचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेले प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहायचे असते आणि ती वही तीन वर्षे तपासणीसाठी ठेवायची असते. ॲझिथ्रोमायसीन, ॲमॉक्सिसिलीन, डॉक्सिसायक्लीन ही नेहमीची प्रतिजैविके मात्र या यादीबाहेर ठेवली गेली. दुर्गम भागात डॉक्टर गाठणे अवघड असताना साध्या संसर्गावरचे औषध आणखी दूर जाऊ नये, असा युक्तिवाद त्यामागे होता आणि आहुपे किंवा इंगळूणच्या दृष्टीने पाहिल्यास तो चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु त्याच सवलतीचा लाभ महामार्गावरच्या गजबजलेल्या बाजारपेठेलाही मिळाला.

याद्यांइतकाच महत्त्वाचा आणि तुलनेने विसरला गेलेला भाग नियम ६५ मध्ये आहे. चिठ्ठी लेखी, तारीख व सही असलेली, रुग्णाचे नाव-पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण आणि मात्रा सांगणारी असावी. चिठ्ठी देणाऱ्याने स्पष्ट लिहिल्याखेरीज त्या चिठ्ठीवर एकदाच औषध द्यावे. आणि औषध देताना चिठ्ठीवर विक्रेत्याचे नाव, पत्ता व तारीख नोंदवावी, असे हा नियम सांगतो. ही शेवटची अट अगदी साधी वाटते, पण झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत सर्वाधिक परिणामकारक ठरू शकेल अशी तीच आहे. घडीवर फाटलेली, वर्षभरापूर्वीची चिठ्ठी दाखवून तीच गोळी पुनःपुन्हा घेतली जाते, आणि कधी चिठ्ठीऐवजी रिकाम्या पट्टीचा तुकडाच पुढे केला जातो. चिठ्ठीवर दर वेळी दुकानाचा शिक्का पडत गेला तर हा व्यवहार आपोआप उघडा पडेल. त्यासाठी ना नवा कायदा हवा, ना संगणक. अडचण एवढीच की ग्राहकाला शिक्का नको असतो आणि दुकानदाराला ग्राहक गमवायचा नसतो.

मात्र चिठ्ठीचा नियम दुकानाच्या फळीवर लागू होतो, आणि ग्रामीण महाराष्ट्रात औषधाचा मोठा भाग त्या फळीवर येतच नाही. डॉक्टरने तपासायचे, एक सुई टोचायची आणि तीन दिवसांच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायच्या, तपासणी व औषध मिळून एकच रक्कम घ्यायची, ही पद्धत कित्येक दशकांची आहे आणि तिच्यात रुग्णाची सोयही आहे. बाजाराच्या दिवशी एसटीने आलेल्या माणसाला दोन ठिकाणी रांग लावावी लागत नाही आणि अर्ध्या पट्टीऐवजी नेमक्या गोळ्या मिळतात. कायद्यानेही ही पद्धत मान्य केली आहे : दुकान न थाटता स्वतःच्या रुग्णाला औषध देणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला अनुसूची के खाली विक्री परवान्यातून सूट आहे. पण ही सूट सशर्त आहे. औषध परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडूनच खरेदी केलेले असावे, खरेदीच्या नोंदी निरीक्षकाला पाहता याव्यात, आणि औषध अनुसूची जी (डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यायच्या औषधांची यादी), एच किंवा एक्स यांतील असेल तर पाकिटावर डॉक्टरचे नाव, पत्ता व मात्रा लिहावी आणि औषधाचे नाव, प्रमाण, रुग्णाचे नाव व तारीख वहीत नोंदवून ती वही किमान दोन वर्षे ठेवावी, अशा तिच्या अटी आहेत. म्हणजे पुडी बांधून देणाऱ्या डॉक्टरलाही नोंदवही बंधनकारक आहे. अनुसूची एच-१ ची वही नाही म्हणून दुकानदाराचा परवाना निलंबित झाल्याच्या बातम्या नित्य येतात. पुडीतल्या औषधांची वही नाही म्हणून कोणा डॉक्टरला विचारणा झाल्याचे मात्र ऐकिवात येत नाही. या एका विसंगतीमुळे सगळ्या व्यवस्थेचा तोल जातो. पुडीतल्या पांढऱ्या गोळीत वेदनाशामक आहे, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे की प्रतिजैविक, हे रुग्णाला कळत नाही. पुढच्या डॉक्टरलाही कळत नाही. आणि ‘त्या डॉक्टरांचा गुण येतो’ या कीर्तीमागे पुष्कळदा स्टेरॉइडची छोटी गोळी असते, जिच्यामुळे ताप आणि सांधेदुखी दोन दिवसांत दबते आणि मूळ आजार तसाच राहतो.

चिठ्ठी देण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न महाराष्ट्रात विशेष गुंतागुंतीचा आहे. नियमावलीतील ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ या व्याख्येत राज्य शासनाने आदेशाने समाविष्ट केलेल्या व्यक्तीही येतात आणि याच आधाराने महाराष्ट्राने १९९० च्या दशकात आयुर्वेदाच्या ठरावीक पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या मुख्तियार चंद प्रकरणात अशा आदेशांची वैधता मान्य केली. होमिओपॅथीच्या बाबतीत त्याच न्यायालयाने १९९६ च्या पूनम वर्मा प्रकरणात आधुनिक औषधे देणाऱ्या होमिओपॅथला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले होते. त्यानंतर २०१४ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी पदवीधरांना मर्यादित अधिकार देण्याचे ठरवले. त्यावरचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच मुद्द्यावर आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी राज्यभर एक दिवसाचा संप केला. या वादात पदव्यांचा मान आणि संघटनांचे बळ यांवर पुष्कळ बोलले जाते. नारायणगाव किंवा घोडेगावच्या औषध विक्रेत्याचा प्रश्न मात्र साधा आहे : समोर आलेल्या चिठ्ठीवरची सही अल्प्राझोलामसाठी चालते की नाही? त्याचे उत्तर त्याला दुकानात उभ्या उभ्या मिळत नाही तोवर त्याच्यावर कारवाई करणे न्याय्य ठरत नाही.

विक्रेत्याच्या बाजूने पाहता कायद्याची अपेक्षा अशी की औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या, म्हणजे फार्मासिस्टच्या, प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले जावे. भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र आणि फळीमागे दुसराच माणूस, हा महाराष्ट्रातील जुना रोग आहे. २०११ ते २०१४ या काळात अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असलेल्या महेश झगडे यांनी फार्मासिस्टची उपस्थिती, चिठ्ठी आणि पावती या तीन गोष्टींवर राज्यभर कडक तपासणी केली; विक्रेत्यांच्या संघटनेने तिला बंद पुकारून विरोध केला. त्या मोहिमेने एक गोष्ट सिद्ध केली : जुन्याच नियमांची अंमलबजावणी करता येते आणि तिचा परिणाम दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचतो. ती टिकली नाही, कारण ती व्यवस्थेपेक्षा अधिकाऱ्याच्या निग्रहावर उभी होती. नियमानुसार निरीक्षकाने प्रत्येक विक्री केंद्र वर्षातून निदान एकदा तपासायचे असते, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्येच २०० विक्री केंद्रांमागे एक निरीक्षक असावा अशी शिफारस केली होती. पुण्यात बसून बाणेदारपणे आदेश काढणे सोपे असते; आळेफाट्यापासून आपटाळ्यापर्यंत वर्षातून एक फेरी पुरी करणे हे मनुष्यबळाचे काम आहे.

तपासणी सैल पडते तेथे काय होते याची महाराष्ट्रात उदाहरणे आहेत. मालेगावात अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोळी’ आणि छत्रपती संभाजीनगर परिसरात नायट्राझेपामच्या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात. औषधाला बाजारात असे टोपणनाव पडले की ते दवाखान्यातून निघून अड्ड्यावर गेले असे समजावे. पुण्यात व्यायामशाळांत जाणाऱ्या तरुणांना मेफेंटरमाइनची इंजेक्शने विकणाऱ्यांवर पोलिसांनी गेल्या काही वर्षांत वारंवार कारवाई केली आहे. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी शस्त्रक्रियागृहात वापरायचे हे औषध आहे आणि व्यायामासाठी ते टोचून घेणे हृदयाशी खेळ आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातील एका कंपनीत बनणाऱ्या टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉलच्या मिश्र गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचे उघड झाल्यावर केंद्राने त्या मिश्रणाचे उत्पादन व निर्यात थांबवली. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १ कोटी १८ लाख भारतीय वैद्यकीय सल्ल्याशिवाय झोपेची किंवा गुंगीची औषधे घेत होते. हे सर्व शहरांचे प्रश्न आहेत असे मानणे या तालुक्यांना परवडणारे नाही. महामार्ग मंचर आणि नारायणगाव या बाजारपेठांना जोडतो, आणि तेथील तरुणांच्या हाती पीक निघाल्यावर रोख पैसा असतो.

अमेरिकेतील अनुभव येथे उलट्या बाजूने उपयोगी पडतो. तेथे १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सिकोडोनच्या दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळ्यांनी पुढे लाखो लोक व्यसनाधीन झाले, आणि सुरुवातीच्या वर्षांतील बहुतेक गोळ्या रीतसर चिठ्ठीवर, रीतसर दुकानातून गेल्या होत्या. तेथील दोष चिठ्ठीतच होता, म्हणून राज्याराज्यांनी प्रत्येक चिठ्ठीची संगणकीय नोंद आणि देखरेख उभारली. ती व्यवस्था जशीच्या तशी येथे आणण्याची सूचना अधूनमधून होते. पण जेथे चिठ्ठीच निघत नाही तेथे चिठ्ठ्यांवर देखरेख ठेवणारे यंत्र रिकामेच फिरत राहील. येथे मोजण्याजोगी गोष्ट आहे ती घाऊक विक्रेत्याचे बिल. तालुक्यातील दुकानांना आणि डॉक्टरांना महिन्याकाठी किती अल्प्राझोलाम, किती ट्रामाडॉल गेले हे घाऊक बिलांवरून कळते, आणि एखाद्या छोट्या दुकानाने शेजारच्या रुग्णालयापेक्षा अधिक माल उचलला असेल तर निरीक्षकाने आधी कोठे जावे हेही त्यावरूनच ठरते. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ पासून १९८५ च्या अधिनियमाखाली आल्याने त्याच्या बाबतीत असा हिशेब मागण्याचा अधिकार आणखी भक्कम आहे.

जनावरांच्या औषधांकडे वळल्यावर प्रश्न आणखी वेगळा होतो. ऑक्सिटोसिन हे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव थांबवणारे, अक्षरशः जीव वाचवणारे औषध आहे. वासरू दगावलेली म्हैस पान्हा सोडत नाही तेव्हा तेच औषध तिला टोचले जाते आणि मग ती सवय होऊन दर धारेला टोचले जाते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १२ नुसार दूध वाढवण्यासाठी असे इंजेक्शन देणे गुन्हा आहे. हा गैरवापर रोखण्यासाठी केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये देशांतर्गत वापराच्या ऑक्सिटोसिनचे खासगी उत्पादनच बंद करून ते एका सरकारी कंपनीकडे सोपवले, आणि १४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मातांसाठी आवश्यक असलेल्या औषधाचा पुरवठा धोक्यात येईल याचा पुरेसा विचार झाला नाही, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. गोठ्यातली चूक सुधारण्यासाठी प्रसूतिगृह उपाशी ठेवता येत नाही, हे न्यायालयाला सांगावे लागले. याउलट डायक्लोफेनॅकचा अनुभव उत्साहवर्धक आहे. गिधाडांच्या मृत्यूंमुळे २००६ मध्ये जनावरांसाठी या वेदनाशामकावर बंदी आली, तेव्हा माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही एका मात्रेच्या, ३ मिलिलिटरच्या कुपीतच विकावे असे ठरले. बैलाला एवढ्याशा कुप्या फोडून टोचणे परवडत नाही. पाकिटाचा आकार बदलला की चिठ्ठी न तपासताही गैरवापर अवघड होतो. कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी मिसळल्या जाणाऱ्या कोलिस्टिनवर २०१९ मध्ये आलेली बंदीही उत्पादनाच्या टोकालाच लागू झाली. कोलिस्टिन हे माणसांच्या अतिगंभीर संसर्गातील शेवटच्या काही प्रतिजैविकांपैकी एक आहे.

या भागाचा जिव्हाळ्याचा विषय असलेल्या बैलगाडा शर्यतींनाही औषधांच्या गैरवापराविषयीचे निर्बंध लागू आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी शर्यतींना परवानगी देणारी महाराष्ट्राची कायदा दुरुस्ती वैध ठरवली ती राज्याने घातलेल्या अटींसह. बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आणि उत्तेजक द्रव्यांना मज्जाव या त्यांतील प्रमुख अटी होत. शर्यतीच्या घाटावर हजारो लोक जमतात तेव्हा या अटी पाळण्याची पहिली जबाबदारी आयोजकांची आहे, आणि शर्यतीची परंपरा टिकावी असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनीच त्या सर्वांत काटेकोरपणे पाळायला हव्यात.

नियम पाळला जातो तेव्हा तो कसा पाळला जातो, याचे एक उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्रात आणि वनविभागाच्या बचाव कार्यात बिबट्याला बेशुद्ध करण्यासाठी केटामाइन व झायलाझिन यांचे मिश्रण वापरले जाते. केटामाइन २०११ पासून १९८५ च्या अधिनियमाच्या यादीत आहे आणि अनुसूची एक्समध्येही. मेजवान्यांतील नशेसाठी त्याची तस्करी होते. तरीही बिबट्या विहिरीत पडला किंवा उसात अडकला की ते औषध प्रशिक्षित पशुवैद्याच्या हाती वेळेवर असावे लागते. कुलूप, साठ्याची वही, वापरलेल्या प्रत्येक मिलिलिटरची नोंद आणि जबाबदार असा एक ठरलेला माणूस, एवढ्या चार गोष्टी असल्या की कडक यादीतील औषधही तातडीच्या प्रसंगी उपलब्ध राहू शकते.

माणसांच्या बाबतीत हे साधले नाही तेव्हा नुकसान रुग्णांचे झाले आहे. १९८५ च्या अधिनियमानंतर परवान्यांच्या जंजाळाला कंटाळून अनेक रुग्णालयांनी आणि दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, आणि कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील वेदनांवर अफूपासून बनणारे हे स्वस्त औषध अफू पिकवणाऱ्या देशातच दुर्मीळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन या सहा औषधांना ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ ठरवून अनेक परवान्यांऐवजी ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ ही एकच पद्धत आणली. तिचा लाभ घेण्यासाठी रुग्णालयाने अर्ज करावा लागतो आणि प्रशिक्षित डॉक्टर असावा लागतो. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून वेदनामुक्तीचे मोठे केंद्र चालते; पण जुन्नरच्या पश्चिमेकडील रुग्णाच्या नातेवाइकाला तेथवर शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास पडतो आणि मरणासन्न माणसाला तो झेपत नाही. गर्भपाताच्या गोळ्यांबाबतही असेच झाले. २०१२ मध्ये स्त्रीभ्रूणहत्येची प्रकरणे गाजल्यावर या गोळ्यांची तपासणी एवढी कडक झाली की राज्यातील बहुतेक दुकानांनी ती पाकिटे ठेवणेच बंद केले, असे पुढील पाहण्यांत दिसले. वास्तविक या गोळ्या पहिल्या नऊ आठवड्यांपर्यंतच वापरायच्या असतात आणि सोनोग्राफीत लिंग कळते ते त्यानंतर. म्हणजे बंदोबस्त झाला तो भलत्याच औषधाचा, आणि १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याने दिलेला हक्क ग्रामीण स्त्रीसाठी अवघड झाला.

नोंदवहीचा विधायक उपयोग होऊ शकतो हे क्षयरोगाच्या उदाहरणावरून दिसते. क्षयरोगाची औषधे अनुसूची एच-१ मध्ये असल्याने त्यांची विक्री नोंदवली जाते, आणि मार्च २०१८ च्या अधिसूचनेनुसार विक्रेत्यानेही अशा रुग्णाची माहिती शासनाला कळवायची असते. त्यामुळे खासगी डॉक्टरकडे उपचार घेणारा रुग्ण शासकीय कार्यक्रमाला सापडतो, त्याच्या घरच्यांची तपासणी होते आणि औषध मध्येच सुटले तर आरोग्य कर्मचारी त्याच्या दारी जातो. वही केवळ दंडासाठी असते असा समज असलेल्या विक्रेत्यासमोर हे उदाहरण ठेवले पाहिजे.

मलमांचा विषय लहान वाटतो, पण त्वचारोगतज्ज्ञ त्याबद्दल वर्षानुवर्षे बोलत आहेत. गजकर्ण आणि नायटा हे बुरशीचे आजार असून स्टेरॉइडच्या मलमाने खाज लगेच थांबते, बुरशी मात्र पसरते आणि पुढे नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. बाहेरून लावण्याची औषधे पूर्वी चिठ्ठीच्या अटीतून सुटत होती. मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमे अनुसूची एचमध्ये घालून ही पळवाट बंद केली गेली. भातखाचरात दिवसभर ओल्या कपड्यांत काम करणाऱ्या बायामाणसांपर्यंत मात्र ही माहिती पोहोचवण्याचे काम अजून व्हायचे आहे.

दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओ कॉलद्वारे सल्ला घेण्याची सोय २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अधिकृत झाली असून अनुसूची एक्समधील आणि १९८५ च्या अधिनियमाखालील औषधे अशा सल्ल्यावर लिहून देण्यास त्यांत मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. संगणकावरून औषधे मागवण्याच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये निघाला, पण ते नियम अंतिम झाले नाहीत. ते अंतिम होत नाहीत तोवर घरपोच येणाऱ्या झोपेच्या गोळ्यांचा हिशेब कोणाच्याच वहीत नीट बसत नाही.

या सर्व आढाव्यातून जुन्नर आणि आंबेगावपुरत्या ज्या मागण्या निघतात त्या खर्चिक नाहीत. पुडी देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने पुडीवर औषधाचे नाव लिहावे आणि वही ठेवावी, यासाठी डॉक्टरांच्या तालुका संघटनांनी स्वतः पुढाकार घेतला तर निरीक्षकाची वाट पाहावी लागणार नाही. औषध विक्रेत्यांनी सवय लावणाऱ्या औषधांच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याचा नियम सर्वांनी एकाच दिवसापासून पाळायला सुरुवात केली तर एकाचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाण्याची भीती राहणार नाही. दूध संस्थांनी संकलन केंद्रावर ऑक्सिटोसिनविषयी स्पष्ट ताकीद लावावी. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आणि दोन्ही तालुक्यांतील ग्रामीण रुग्णालये यांत मॉर्फिन मिळेल अशी मान्यता व प्रशिक्षण यांचा पाठपुरावा रुग्ण कल्याण समित्यांनी करावा. आणि वाचकांनी, मग ते जुन्नरमधल्या ओतूरचे असोत वा आंबेगावातल्या आहुप्याचे, पुढच्या वेळी दवाखान्यात हातात पुडी पडेल तेव्हा तिच्यातल्या प्रत्येक गोळीचे नाव डॉक्टरांकडून तिच्यावरच लिहून घ्यावे. अनुसूची जी, एच वा एक्समधील औषधाचे नाव निदान वहीत लिहिण्याचे बंधन नियमावलीने डॉक्टरांवर घातलेलेच आहे.